शिव्यांवर वाढलेलं अंजीर

बोरी अरबचा बाजार मागं टाकला की कापसाची शेतं लागतात, मग एक उघडा नाला, आणि नाल्यापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा. या तांड्यात नवी सून म्हणून आलेली पोरगी पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी दचकून उठतेच उठते. बाहेर कोणीतरी बाई ओरडत असते, "कोनं मेलं माह्या अंजिराले हात लावला वो! हात झडो त्याचे! बोटाले किडे पडो! चुलीत पानी शिरो मेल्याच्या!" सून घाबरून सासूकडं पाहते. सासू चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणते, "काही नाई वो. कोकिळाबाई हाये. काडी नेली असन कोनं. आता लागन बरोबर." सुनेच्या डोक्यात काही शिरत नाही. शिरायला एक-दोन हिवाळे जावे लागतात.

तर प्रकार असा आहे. या तांड्यात झाडाची काडी मागून नेत नाहीत. मागून नेलेली काडी मुळं धरत नाही, असं सगळ्यांचं पक्कं म्हणणं. चोरून नेलेली मात्र खडकात खोचली तरी फुटते. पण नुसत्या चोरीनं भागत नाही. ज्याच्या अंगणातली काडी गेली त्यानं सकाळी उठून, अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल अशा गळ्यानं चोराला शिव्या घालायच्या. शिव्या जितक्या जहाल तितकी काडी जोरात. चोरानं आपल्या घरात बसून त्या मुकाट ऐकायच्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, चोरानं जन्मात कधी कबूल करायचं नाही. 'हे झाड मी तुझ्या घरून नेलं' एवढं तोंडातून निघालं की झाड उभ्या उभ्या वाळलं म्हणून समजा.

हसू नका. धावजीची बायको, भली बाई होती बिचारी, एकदा बोलता बोलता कोकिळाबाईला म्हणून गेली, "तुहं अंजीर यंदा भल्लं धरलं वो माह्या घरी." त्याच उन्हाळ्यात ते झुडूप बुडापासून गेलं. कोकिळाबाईचा नवरा रूपसिंग म्हणतो, त्याला उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. लागली असेल. पण उधईला नेमका तोच उन्हाळा कसा सापडला, हे त्याला विचारलं तर तो तंबाखू मळायला घेतो. पुढं धावजीच्या अंगणात पुन्हा अंजीर दिसायला लागलं, पण ते कुठून आलं हे कोणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

कोकिळाबाई पन्नाशी ओलांडलेली, अंगानं सडपातळ, आवाजानं मात्र तिप्पट. तिच्या अंगणात बी पेरून आलेलं झाड शोधावं लागतं. शेवगा, डाळिंब, मेंदी, तोंडलीचा वेल, जास्वंद, सगळं काड्यांचं. कापूस दरवर्षी नवं बियाणं मागतो, नवी फवारणी मागतो; हिचा शेवगा एकदा लावला तो लावला, वैशाखात बाजारात हिरवं पान मिळत नाही तेव्हाही घरात शेंगांचं वरण असतं. तिची नजर अशी की वाळक्या वाटणाऱ्या काडीकडं पाहून ती सांगायची, ही अमक्याच्या डाळिंबाची, ही तमक्याच्या मेंदीची. काडी घ्यायची ती गेल्या सालची, पेन्सिलीएवढी जाड. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, लगत आणि तिरपा, वरचा सरळ, म्हणजे घाईत उलटी खोचली जात नाही. अर्धी रेती, अर्धं कुजलेलं शेणखत, सावली, आणि पाणी बेतानं. मुळं आली का म्हणून उपटून पाहायचं नाही. अंगणवाडीतल्या संगीतानं एकदा तशी गुलाबाची काडी उपटून पाहिली तेव्हा कोकिळाबाईनं तिला भर रस्त्यात झापलं होतं, "झोपल्या लेकराचं पांघरून ओढून पायतं का वो कोनी?"

पण जीव होता तो अंजिरावर. बाकीची झाडं झाडं होती. अंजीर तिचं माहेर होतं.

हे काही मी कौतुकानं म्हणत नाही, शब्दशः तसंच होतं. तिच्या माहेरचा तांडा धरणात गेला. जिथं तिची याडी, म्हणजे आई, मोतीबाई, भाकरी थापायची तिथं आता पाणी आहे आणि पाण्यावर बगळे. लोकांना दुसरीकडं आखीव प्लॉट मिळाले. मोतीबाई तिथं गेली, उघड्या माळावर चार दिवस बसली आणि तिथलं पहिलं झाड सावलीला यायच्या आत वारली. म्हणजे आई गेली, घर गेलं, गावही गेलं. माहेरी जावंसं वाटलं की कोकिळाबाई घराच्या मागं जायची आणि अंजिराखाली बसायची.

ते अंजीर आलं कसं तेही ऐका. लग्न लागलं, पाठवणीची वेळ झाली. बाया गळ्यात गळा घालून रडत होत्या. त्या गोंधळात मोतीबाई पोरीच्या कानाशी लागली आणि म्हणाली, "मागच्या अंगनात कोयता ठेवला हाये. मी तिकडं पाहत नाई." कोकिळा नव्या नवरीच्या साजात मागं गेली, अंजिराची काडी तोडली, ओढणीत लपवली. पांढरा चीक नव्या ओढणीला लागला तो कधी निघाला नाही. जीप सुरू झाली आणि आतापर्यंत हुंदके देणारी मोतीबाई एकदम कंबरेवर हात ठेवून कडाडली, "कोनं मेलं माह्या अंजिराची काडी नेली! हात झडो तिचे!" वऱ्हाडी एकमेकांच्या तोंडाकडं पाहायला लागले. रूपसिंगनं, तेव्हा तो अगदीच पोरसवदा होता, घाबरत विचारलं, "कोनाले शिव्या देऊन राह्यली तुही माय?" कोकिळा रडता रडता हसली. म्हणाली, "मले."

तर असं ते अंजीर. दरवर्षी थंडीत त्याच्या काड्या जायच्या आणि दरवर्षी कोकिळाबाई शिव्या घालायची. तिला ते आवडायचं, कबूल करायला हरकत नाही. कोयता ती मुद्दाम बाहेर विसरायची. ओरडताना तिच्या मनात यायचं, गेली याडी आणखी एका घरी.

मग तांड्यात सिमेंटचा रस्ता झाला. झाला ते चांगलं झालं, चिखल गेला. पण करणाऱ्या ठेकेदाराला एवढी अक्कल नव्हती की रस्ता लोकांच्या अंगणापेक्षा हातभर उंच केला तर पावसाचं पाणी जाईल कुठं. गेलं ते कोकिळाबाईच्या मागच्या अंगणात. काळी माती, आठवडा आठवडा पाणी साचलेलं. रूपसिंगनं बादल्यांनी उपसलं, तिनं कुदळीनं चर खणला, वरून आभाळ पुन्हा भरायचं. श्रावणात पानं पिवळी पडली. पोळ्याला झाड उघडं झालं. दिवाळीत तिनं फांदीची साल नखानं खरवडली, आत हिरवं दिसेल म्हणून. तपकिरी. दुसरी खरवडली, तिसरी खरवडली, बुडाशी बसून खरवडत राहिली. सगळीकडं तपकिरी. तरी वेड्या आशेनं चार काड्या रेतीत खोचल्या, त्या काळ्या पडून वाकल्या.

 दोन दिवसांनी जेवताना रूपसिंग म्हणाला, "एवढं काय जीवाले लावून घेतलं? अर्ध्या तांड्यात तुहेच झाडं हायेत. आन एखादी काडी कोनाच्या घरून."

खरंच की! कोकिळाबाईच्या हातातला घास तिथंच थांबला. तांड्यात अंजिरं तीन घरी होती. धावजीकडं, संगीताकडं, आणि हंसाबाईकडं. हंसाबाई म्हणजे समोरच्या आळीतली, कोकिळाबाईच्याच वयाची, तोंडानंही तिच्याच तोडीची. रस्त्यात कोंबडी आडवी आली तरी तिला सात पिढ्या ऐकवणारी. काडी मागायची नाहीच, ते तर ठरलेलंच. पण कोणतं झाड आपलं आहे एवढं कळलं तर बास. मग चोरून आणता येईल.

ती आधी गेली धावजीकडं. म्हातारा बाजेवर ऊन खात बसला होता.

"अंजीर चांगलं झालं तुमचं, भाऊजी. कुठलं म्हनाचं हे?"

धावजी खोकला. बराच वेळ खोकला. "हे? हे मारेगावच्या व्याह्यानं आनलं. एस्टीतून. सारा रस्ता मांडीवर घेऊन बसला होता. कंडक्टर म्हने, झाडाचं बी हाफ तिकीट काढा."

आता इतकं तपशिलवार सांगितल्यावर बाई काय म्हणणार? ती संगीताकडं गेली. संगीता म्हणाली, "काकू, हे यवतमाळच्या नर्सरीतून आनलं मी. थांबा, पिशवी दाखवतो." आणि खरंच आतून रोपाची काळी पिशवी घेऊन आली. कोकिळाबाईनं ती पिशवी उलटसुलट करून पाहिली. पिशवी पिशवीसारखी होती.

हंसाबाईकडं ती शेवटी गेली, कारण तिथं तिला खात्री होती. हंसाचं झाड मोरीच्या पाण्यावर वाढलेलं, काळंभोर, डेरेदार. हंसानं तिच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "कळंबले गेलतो आमी, चतुर्थीले. चिंतामनीचं दर्शन घेतलं, अन् मंदिराच्या मांगं एका बाईच्या अंगनात हे दिसलं."

"मंग?"

"मंग काय, मागतलं काय मी? तोडली काडी. अन् सकाळपर्यंत थांबलो, तिच्या शिव्या ऐकाले. भल्ली शिव्या देत होती वो बाई."

कोकिळाबाई घरी आली आणि उंबऱ्यातच बसली. तिच्या डोक्यात नुसता काला झाला होता. इतकी वर्षं काड्या जात होत्या, इतकी वर्षं ती घसा फोडत होती, मग त्या काड्या गेल्या तरी कुठं? एकही लागली नाही? की लागल्या आणि मेल्या? की तिघंही खोटं बोलतात? पण खोटं बोलणारा माणूस कंडक्टरचं हाफ तिकीट कुठून आणेल? बरं, खरं मानावं तर मग ती आजवर कोणाला शिव्या देत होती?

"तुह्या शिव्यात दम नसन," रूपसिंग म्हणाला. "नाई तं बकऱ्यायनं खाल्ल्या असतीन काड्या."

तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो उठून जनावरांना पाणी पाजायला गेला. जनावरांना पाणी आधीच पाजून झालेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं झाडंच पाहायला सुरुवात केली. काही निमित्त काढायचं, जायचं, पान तोडायचं, चुरगाळायचं, वास घ्यायचा. धावजीच्या झाडाचं पान मोठं, पंजासारखं पाच बोटांचं. संगीताचं लहान, तीनच बोटांचं. हंसाचं जाड आणि खरखरीत. तिचं कसं होतं? तिच्या झाडाला, तिला आठवत होतं, पाच बोटांचीही पानं असायची आणि तीन बोटांचीही. मग तिन्ही तिचीच म्हणायची की एकही नाही? वास घेतला की वाटायचं, हाच. दुसऱ्याचा घेतला की वाटायचं, छे, तो नव्हता, हाच. तिसऱ्यानंतर तिला काहीच आठवेना. वाळकी काडी पाहून झाड ओळखणारी बाई, आणि आईचं झाड ओळखता येईना! तिला स्वतःचाच राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. मोतीबाईचं अंजीर या जगातून संपलं असेल, आणि ते आपल्याच अंगणात, आपल्या देखत संपलं असेल, ही भीती. रात्रीचं जेवण तिला जाईना.

शेवटी तिनं ठरवलं. ओळखता येत नाही ना? मग तिन्ही घरी चोरी करायची. जे तिचं असेल ते लागेल.

माघाची दुपार. कापूस वेचायला सगळा तांडा शेतात गेलेला, गल्लीत कुत्रं नाही. कोकिळाबाईनं पदराखाली कोयता घेतला आणि निघाली. आता गंमत अशी की जिच्या घरी आयुष्यभर चोऱ्या झाल्या तिनं स्वतः अंजिराची काडी चोरली होती ती एकदाच, नवरी असताना.  संगीताच्या फाटकाची कडी इतकी करकरली की तिला वाटलं यवतमाळपर्यंत ऐकू गेली. तिथली काडी तिनं कशीतरी ओरबाडलीच. धावजीकडं गेली तर म्हातारा नेमका अंजिराखालीच बाज टाकून झोपलेला. तिनं त्याच्या अंगावरून हात लांब करून काडी कापली, आणि चिकाचा एक थेंब टपकन त्याच्या कपाळावर पडला.  धावजीनं डोळे न उघडता कपाळ पुसलं, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागला. हंसाकडं कोणीच नव्हतं. तिथं ती जरा वेळ उभी राहिली, खोडाला हात लावला, आणि मग काडी कापून घराकडं जवळजवळ पळत सुटली.

घरी येऊन काड्या पाहिल्या तर तिन्हीचे काप वेडेवाकडे. तिरपा कुठला, सरळ कुठला, काही कळेना. वर कोणतं आणि खाली कोणतं? जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आणि आता डोळे वर पाहतात की खाली हे बघायला काडी नाकाला लावून बसली होती. शेवटी तिनं काड्या पुन्हा नीट कापल्या आणि एक मडक्यात, एक तेलाच्या डब्यात, एक फुटक्या माठात खोचली.

रूपसिंग शेतातून आला. "हाताले काय लागलं पांढरं?"

"पीठ."

"पिठानं खाज सुटते काय वो?" तिचं बोटं खाजवणं पाहून तो म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

सकाळी ती झुंजुमुंजूलाच उठली. अंगण झाडलं, सूप घेऊन ज्वारी पाखडायला ओट्यावर बसली आणि कान टवकारले. आता सुरू होतील. आधी हंसा, तिचा आवाज सगळ्यात आधी. बाहेर कोंबडे आरवले, कोणाची तरी मोटरसायकल सुरू झाली, नळाला पाणी आलं, बायांची भांडी वाजली. शिव्या नाहीत. ऊन ओट्यावर आलं. ज्वारी तीनदा पाखडून झाली. शिव्या नाहीत.

दिसलं नसेल का त्यांना? ती उठून चक्कर मारून आली. धावजीच्या फांदीचा काप लांबून दिसत होता, त्यावर चीक वाळून पांढरा झाला होता. धावजी त्याच्याच खाली बसून बिडी ओढत होता. तिला पाहून म्हणाला, "थंडी भल्ली पडली यंदा." संगीता अंगणवाडीला निघाली होती, तिनं मान खाली घातली आणि झपाझप निघून गेली. हंसाबाई तर त्या कापलेल्या फांदीखालीच झाडत होती. फांदी तिच्या डोक्याला घासत होती. एक शब्द नाही. कोंबडीला सात पिढ्या ऐकवणारी बाई, आणि तोंडात मूग!

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. कोकिळाबाईला काही समजेना. शिव्यांशिवाय काडी लागणार नाही, हे लहान पोराला माहीत. मग हे तिघं गप्प का? आपल्याशी वैर आहे का त्यांचं? आपण एवढी वर्षं यांच्यासाठी घसा कोरडा केला, आणि आपल्या एका काडीसाठी यांना तोंड उघडवत नाही? कधी तिला संताप यायचा, कधी रडू. काड्या तशाच उभ्या होत्या, ना फुटत होत्या ना वाळत होत्या. एका सकाळी पाहिलं तर माठातल्या काडीचा शेंडा सुरकुतलेला. ही हंसाकडची.  मागचा-पुढचा विचार न करता कोकिळाबाई तशीच अनवाणी हंसाच्या दारात जाऊन उभी राहिली.

हंसा चूल सारवत होती. "काय वो, सकाळी सकाळी?"

आता बोलायचं कसं? 'मी नेली' म्हटलं तर संपलंच. काडी तिथल्या तिथं मरेल. कोकिळाबाई उंबऱ्यात चुळबुळत राहिली.

"हंसा, तुह्या झाडाची काडी नेली वाटते कोनं तरी."

"गेली असन."

"तुले दिसली नाई काय?"

"दिसली."

"मंग तू काही बोलत काहून नाई?"

"काय बोलू?"

"काय बोलू म्हंजे? शिव्या दे!" कोकिळाबाईचा आवाज चढला. "चोट्टीनं काडी नेली तुही! हात झडो म्हन, किडे पडो म्हन, काहीतरी म्हन! कोंबडीले देतं, कुत्र्याले देतं, माह्या... त्या चोट्टीच्याच वेळी तुह्या तोंडाले कुलूप काहून लागते?" आणि मग तिचा सगळा तोरा उतरला. तिनं हात जोडले. "दे ना वो बाई. दोनच दे. सुकून राह्यली ती काडी."

हंसाबाईनं सारवणाचा हात पाण्यात बुडवला आणि पदराला पुसला.

"कशा देऊ?" ती म्हणाली. "ज्याची वस्तू त्यानं नेली तं चोरी होते काय? तुह्या मायचं झाड हाये ते, कोकिळे. तुह्याच अंगनातून आनलं मी, धाकट्या पोराच्या बाळंतपनाच्या वक्ताले. धावजीनं बी तुह्याच घरून आनलं, संगीतानं बी. म्हनून गप हावो आमी तिघं. तुह्या मायच्या झाडावरून तुले शिव्या द्याले माही जीभ उचलत नाई."

कोकिळाबाई धावली आणि तिनं हंसाचं तोंड आपल्या हातानं दाबून धरलं. "नोको बोलू! नोको बोलू वो! वाळन ना तुहं!"

पण बोलून झालं होतं. दोघी तशाच उभ्या राहिल्या, आणि दारातून दोघींनाही ते मोरीकडचं डेरेदार झाड दिसत होतं. कोकिळाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिची याडी तीन घरी जिवंत होती, आणि हे सांगून हंसानं आपलं झाड पणाला लावलं होतं, आणि यातलं कशाचं आधी रडावं हे तिला कळत नव्हतं.

हंसानं तोंडावरचा तिचा हात बाजूला केला.

"वाळलं तं वाळलं," ती म्हणाली. "तुहं लागू दे आधी. मंग मी येतो एक दिवस, तू घरी नसताना. शिव्या मात्र जोरात देजो."